मुतखड्याचा इतिहास आणि श्रमिकाचे पाणी



मी वैद्य नव्हे, कामगारांत वावरलेला माणूस. तरी हा विषय घेतला. कारण मुतखड्याच्या इतिहासात शस्त्राइतकाच भाकरीचा आणि पाण्याचा संबंध येतो.

सुश्रुतसंहितेत या रोगाचे नाव अश्मरी. लघवी करताना बेंबीखाली कळ येणे व धार मध्येच अडणे ही तिची लक्षणे. आधी औषध, ते चालेना तर शस्त्र, आणि तेही राजाची अनुज्ञा घेऊन. कारण शस्त्र न लावावे तर मरण निश्चित, लावावे तरी जगण्याचा भरवसा नाही! गोखरू, पाषाणभेद, वायवर्णा ही त्या परंपरेतील औषधे. अशा आयुर्वेदीय औषधांचा धूतपापेश्वर कारखाना १८७२ साली निघाला, तो आपल्या पनवेलातच.

पुढे सर्जन मूत्राशयात धातूची सळई घालून खड्यावर ती आपटल्याचा आवाज ऐकू लागले. १८७८ साली बॉस्टनच्या बिगेलो यांनी मूत्रमार्गातून हत्यार घालून खडा फोडण्याची व त्याचा चुरा एकाच बैठकीत बाहेर काढण्याची रीत बसवली. लहान मुलांना ती सोसणार नाही, असा समज होता. तो खोटा ठरवला होळकरांच्या इंदुरातील सर्जन कीगन यांनी. मूत्राशयाचा खडा हा तेव्हा गरिबांच्या मुलांचा रोग होता. दुधावाचून, नुसत्या धान्यावर वाढणारी पोरे त्याला बळी पडत. जेथे खाणे सुधारले तेथे तो हटला. हे काम शस्त्राने केलेले नाही, ताटाने केले.

१८९५ साली रोंटगेन यांना क्ष-किरण सापडले. दुसऱ्याच वर्षी ग्लासगोत मॅकिंटायर यांनी मूत्रपिंडातील खड्याचे चित्र घेतले. युरिक आम्लाचा खडा त्या चित्रात सहसा उमटत नाही. आज तो सोनोग्राफीत व सीटी स्कॅनमध्ये दिसतो. १९८० साली म्युनिकमध्ये शरीराबाहेरून लहरींचे आघात करून खडा फोडण्यात आला. बारीक खडे बहुधा आपोआप पडतात. मात्र कळेबरोबर ताप आला किंवा लघवी बंद झाली, तर घरगुती काढ्यात वेळ न दवडता रुग्णालय गाठावे.

मुलांचा खडा हटला, पण मोठ्यांच्या मूत्रपिंडाचा राहिला. उन्हात घाम जातो, पाणी कमी पडते, लघवी दाट होते आणि तिच्यातील क्षारांचे खडे बनतात. पूर्वी आमच्या खाडीकाठी मिठागरात माणसे उन्हात राबत. १९८९ साली न्हावाशेवा बंदर सुरू झाले. आज गव्हाण फाट्यावरून कंटेनरच्या गाड्या धावतात. काम बदलले, घाम तोच. मुतारी जवळ नाही म्हणून पाणीच न पिणारा ड्रायव्हर आणि बांधकामावरची बाई आपण सर्वांनी पाहिली आहे.

खडा एकदा झालेल्याने दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी प्यावे, असे डॉक्टर सांगतात. ते पाळायचे कसे? १९४८ च्या कारखाने कायद्याने पिण्याचे पाणी आणि मुताऱ्या यांची कलमे शेजारी-शेजारी ठेवली, अठरावे आणि एकोणिसावे. त्यात मोठे शहाणपण होते. पाण्याचा माठ आणि मुतारी यांची मागणी क्षुल्लक समजू नका. सर्जनाच्या टेबलाकडे जाणारी पुष्कळ माणसे ती वाटेतच थांबवील.