शिवसुमनाचे 'नेटिव्ह' कोणते?

बेंगळूरमध्ये नवीन ओळख झाली की पहिला प्रश्न येतो, "तुमचं नेटिव्ह कुठलं?" बेळ्ळंदूरच्या आपल्या मराठी मंडळींना हा प्रश्न पाठ झाला आहे. वनस्पतीशास्त्रज्ञ हाच प्रश्न झाडांना विचारतात आणि त्याचे उत्तर नकाशावर मांडतात. या कामाचा आपल्याकडील पाया घालणाऱ्यांत एक रेल्वे इंजिनिअर होता, हे मला स्वतःला रेल्वेत असल्यामुळे विशेष वाटते.

त्यांचे नाव थिओडोर कुक. १८६० साली ते बी.बी.सी.आय. रेल्वेत आले आणि वसईच्या खाडीवरील लोखंडी पुलाचे काम त्यांनी पाहिले. पुढे ते पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे प्राचार्य झाले. निवृत्तीनंतर त्यांनी मुंबई इलाख्यातील वनस्पतींचा मोठा ग्रंथ लिहिला. तो १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झाला. प्रत्येक वनस्पती कुठे व कोणाला सापडली, याची नोंद त्यात आहे. बेळगाव, धारवाड, कारवारही त्यात आले.

उदाहरण घ्या शिवसुमनाचे. स्कॉटिश वनाधिकारी डालझेल यांनी १८६० च्या दशकात या वनस्पतीचे शास्त्रीय वर्णन केले आणि गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्यावरून तिला 'फ्रेरिया इंडिका' हे नाव दिले. कड्याच्या कपारीत वाढणारी, जाड मांसल खोडाची आणि तांबड्या चांदणीसारख्या फुलांची ही वनस्पती. शिवनेरी, पुरंदर, सज्जनगड अशा मोजक्याच ठिकाणी ती आपोआप उगवते. फांदी लावली तर ती कुंडीतही जगते. पण कुंडीतले रोप नकाशावर धरत नाहीत. माणसाने लावलेले ते नेटिव्ह नव्हे.

जुन्या नोंदींत कित्येकदा नुसते 'जुन्नरजवळ' एवढेच असते. किलोमीटर न सांगता पुलाची दुरुस्ती सांगावी, तसे हे झाले. आता दोन किलोमीटर बाजूचे चौकोन आखून, वनस्पती असलेले चौकोन मोजतात. हे क्षेत्र ५०० चौरस किलोमीटरपेक्षा कमी भरले आणि इतर अटी जुळल्या, तर ती जागतिक निकषांनुसार संकटग्रस्त ठरते. तेव्हा कुठे रस्ता, खाण किंवा धरण आखताना तिचा विचार होण्याची आशा असते.

पण यात एक पेच आहे. नेमकी कपार छापली, तर रोपे उपटून विकणाऱ्यांना आयता पत्ता मिळतो. न छापली, तर रस्ता आखणाऱ्याला कळत नाही. माझ्या मते चौकोन सर्वांना कळावा आणि कपार फक्त शास्त्रज्ञ व वनखात्याला. काम आखणाऱ्या इंजिनिअरने मात्र सुरुंग लावण्यापूर्वी त्यांना विचारलेच पाहिजे.

सुट्टीत गावी गेल्यावर आपण मुलांना गड दाखवतो. तेव्हा कड्यावर चांदणीसारखे फूल दिसले, तर लांबूनच पाहावे. बाप्पाला एकवीस पत्री पुरेशा आहेत. बाविसावी कड्यावरच राहू द्यावी.

गणपती बाप्पा मोरया!