कोल्हापूरचा कॅमेरा आणि तानीबाई कागलकर

१/५
आज हौशी मंडळी घरी लेसर जुळवतात, तेव्हा भिंगे, आरसे, सुटे भाग निदान मागवता तरी येतात. शतकापूर्वी कोल्हापुरात नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या दोन चित्रकारांनी त्याहून कठीण हट्ट धरला: चलच्चित्रांचा कॅमेरा स्वतः घडवण्याचा.

२/५
आनंदराव आणि बाबूराव पेंटर. १९१३ साली फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला आणि त्यांना या कलेने झपाटले. विलायती कॅमेरा आवाक्याबाहेरचा. अभ्यासाला होता तो जुना प्रोजेक्टर.

३/५
दोन्ही यंत्रांचे मर्म एकच. फीत प्रत्येक चौकटीला क्षणभर स्थिर राहावी, झडप मिटताच पुढे सरकावी. हा मेळ चुकला की चित्र फिसकटते.

४/५
१९१६ साली आनंदराव निवर्तले. बाबूरावांनी शिष्य विष्णुपंत दामले यांच्या साथीने काम नेटाने चालू ठेवले. १९१८ साली कॅमेरा सिद्ध झाला. महाराष्ट्र फिल्म कंपनीसाठी भांडवल दिले ते गायिका तानीबाई कागलकर यांनी.

५/५
१९२० साली ‘सैरंध्री’ झळकला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. बाबूरावांचे नाव सर्वतोमुखी झाले. कागलचे नाव लावणाऱ्या त्या गायिकेचेही स्मरण असावे.