रिकामी खुर्ची आणि न आलेला प्रतिवादी

एक प्रश्न विचारतो. एखाद्या आडवळणाच्या तालुक्यातले न्यायाधीश निवृत्त झाले. ती जागा भरायची की नाही, हे ठरवायचं काम तुमच्याकडे आलं, तर तुम्ही सगळ्यात आधी कुठला आकडा मागाल?

बहुतेक जण म्हणतील, "तिथे वर्षाला किती खटले येतात आणि किती निकाली निघतात, ते सांगा." पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मीही हाच आकडा धरून बसलो होतो, आणि तोंडावर आपटलो. ती गोष्ट पुढे सांगतो.

आधी एक लक्षात घ्या, हा प्रश्न काल्पनिक नाही. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात तो कायद्यातच घातलेला आहे. तिथे जिल्हा न्यायालयातली जागा रिकामी झाली की ती आपोआप भरली जात नाही. गव्हर्नरकडून सूचना आल्यापासून ९० दिवसांत राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने, त्या भागातल्या न्यायाधीशांशी आणि वकिलांशी बोलून, निर्णय घ्यायचा असतो : जागा चालू ठेवायची, रद्द करायची, की जिथे गरज जास्त आहे तिथे हलवायची.

निर्णयासाठी कायद्याने दोन कसोट्या दिल्या आहेत. पहिली, न्यायालयाचा कारभार नीट चालायला ही जागा लागते का? यासाठी गणित आहे. प्रत्येक प्रकारच्या खटल्याला न्यायाधीशाची सरासरी किती मिनिटं लागतात, ते ठरवायचं, त्याला खटल्यांच्या संख्येने गुणायचं आणि एका न्यायाधीशाला वर्षभरात मिळणाऱ्या वेळेने भागायचं. दुसरी कसोटी, लोकांना न्यायालयापर्यंत पोचता यायला ही जागा लागते का? जागा गेल्यावर एखाद्या काउंटीत मुक्कामी न्यायाधीशच उरणार नाही, असं तर होत नाही ना, हे त्यात पाहावं लागतं.

आता तुम्ही म्हणाल, गणित एवढं चोख असताना दुसरी कसोटी कशाला? याचं उत्तर मला माझ्या विषयात, म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या दख्खनच्या दिवाणी न्यायालयांत सापडलं.

मी एक तक्ता केला होता. दाखल दावे, निकाली दावे, शिल्लक दावे. आकडे इतके छान दिसत होते की मी मार्गदर्शकांना सांगितलं, "सर, कोर्टं झपाट्याने काम करत होती." सरांनी तक्ता पाहिला आणि एवढंच विचारलं, "प्रतिवादी आला होता का?"

मी परत दप्तराकडे गेलो. मुंबई इलाख्याच्या वार्षिक अहवालांत निकालांची वर्गवारी असते : लढवलेले, तडजोडीचे, एकतर्फी. माझ्या तक्त्यात हे सगळं एकाच रकान्यात कोंबलेलं होतं.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी दंगा झाला, तो तुम्हाला पाठ्यपुस्तकातून माहीत असेल. शेतकऱ्यांचा रोख मुख्यतः सावकारांकडच्या कागदांवर होता. रोखे आणि हुकूमनामे त्यांनी जाळले. नंतर नेमलेल्या चौकशी आयोगाने कोर्टांकडे पाहिलं, तेव्हा दिसलं की सावकारांच्या बहुतेक दाव्यांत निकाल एकतर्फी लागत होता. कोर्ट लांब, जाण्यायेण्याचा खर्च, कामाचे दिवस बुडणार, आणि अंगठा उठवलेल्या रोख्यापुढे आपलं कोण ऐकणार ही धास्ती. कुळ यायचंच नाही. प्रतिवादी नाही म्हणजे वाद नाही, आणि वाद नाही म्हणजे दावा झटपट निकाली.

म्हणजे ज्याला मी कार्यक्षमता समजत होतो, ती बऱ्याच अंशी गैरहजेरी होती.

१८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी आला. त्याची कलमं वाचताना 'पोचणं' हा शब्द मनात ठेवा. शेतकऱ्यावरचा दावा तो राहतो तिथल्या कोर्टातच लावायचा. न्यायाधीशाने शक्यतो प्रतिवादीची स्वतः जबानी घ्यायची आणि रोख्यामागचा व्यवहार मुळापासून तपासायचा. दहा रुपयांपर्यंतचे दावे गावातच ऐकायला ग्राम-मुन्सफ. या सगळ्यावर देखरेखीला विशेष न्यायाधीश. न्यायमूर्ती रानडे १८८१ मध्ये या व्यवस्थेत साहाय्यक विशेष न्यायाधीश होते आणि तालुक्यातालुक्यांत फिरून दुय्यम कोर्टांचं काम तपासत होते. कायदा किती यशस्वी झाला, हा वेगळा वाद आहे. पण नुसता निकालांचा आकडा पुरत नाही, हे त्यात मान्य केलेलं होतं.

हा पेच जुना झालेला नाही. १९८७ मध्ये विधी आयोगाच्या १२० व्या अहवालाने सांगितलं की देशात दहा लाख लोकांमागे १०.५ न्यायाधीश आहेत, ते ५० करा. मोजमाप लोकसंख्येचं. २०१४ च्या २४५ व्या अहवालाने हे मोजमाप बाजूला ठेवलं, कारण माणशी दाखल होणाऱ्या खटल्यांत राज्याराज्यांत प्रचंड तफावत आहे : झारखंडात फार कमी, केरळात कितीतरी जास्त. म्हणून त्याने खटले निकाली काढण्याच्या वेगावर हिशेब मांडला.

तर्क बरोबर आहे. पण जिथे खटले कमी येतात, तिथे तंटे कमी आहेत की कोर्ट लांब आहे? आकडा हे सांगत नाही. लांब म्हणून लोक येत नाहीत, लोक येत नाहीत म्हणून जागेची गरज दिसत नाही, जागा भरली नाही की कोर्ट आणखी लांब पडतं. या चक्रात सापडलेल्या तालुक्यात फक्त पहिली कसोटी लावली, तर उत्तर दरवेळी "गरज नाही" असंच येईल.

संशोधनाची तयारी करणाऱ्यांना म्हणून एकच सुचवतो. सरकारी तक्ता हाताशी आला की बेरीज करण्याआधी विचारा : या रकान्यात यायला माणसाला काय काय करावं लागलं असेल? किती मैल चालावं लागलं, किती मजुरी बुडाली, कुणाला घाबरावं लागलं? आणि ज्याला ते जमलं नाही, त्याची नोंद दुसऱ्या कुठल्या कागदात सापडेल?

माझा तो पहिला तक्ता मी अजून फाईलमध्ये ठेवलाय. निकाली दाव्यांचा रकाना आता तीन तुकड्यांत मोडलाय, आणि एकतर्फी निकालांखाली लाल पेनने सरांचा प्रश्न लिहिलाय.