लंडनचा मीटर आणि परक्याचा खिसा
परक्या शहरात टॅक्सीवाल्याकडून फसवणूक होते ती प्रवासी भोळा असतो म्हणून, असे आपण सहज म्हणतो. लंडनचा इतिहास वेगळे सांगतो. तिथे भाड्याच्या घोडागाड्यांवर सतराव्या शतकापासूनच परवान्याचे नियंत्रण होते. दरही कायद्याने ठरलेले असत, तरी वाद मिटेनात. कारण दर मैलावर होता आणि मैल किती झाले, हे गाडीवानच सांगे. शहरातल्या अंतरांची कोष्टके देणारी पुस्तके छापली जात. पण धुक्यात, सामान सांभाळत ती कोण उघडणार? 1843च्या कायद्याने गाडीवानाला क्रमांकाचा बिल्ला सक्तीचा केला, म्हणजे तक्रारीला निदान पत्ता मिळाला. खरा बदल जर्मनीच्या ब्रून यांनी 1891मध्ये बनवलेल्या मीटरने आणला. 1907मध्ये लंडनने तो टॅक्सींना बंधनकारक केला आणि आकडा दोघांसमोर आला.

मीटरमध्येही फेरफार होतो, हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच त्याची तपासणी आणि त्यावरचे सील महत्त्वाचे. आता ॲप भाडे आधीच दाखवते, मग हे सारे जुने झाले का? मला तसे वाटत नाही. ॲपचे संरक्षण ॲपमधल्या नोंदीपुरतेच असते. चालकाने ‘रद्द करा, रोख द्या’ म्हटले आणि आपण मानले, की आपण थेट मीटरपूर्व काळात जातो. लंडनमध्ये रस्त्यावरून प्रवासी घेण्याचा हक्क फक्त परवानाधारक टॅक्सींना आहे. खासगी भाड्याची गाडी आधी नोंदवावीच लागते. तेव्हा विमानतळाच्या दारात कुणी आपणहून गाडी देऊ करत असेल, तर त्याला सरळ नकार द्या.