सर्वानुमते की बहुमताने?

मंडळाच्या प्रत्येक सभेच्या वहीत "ठराव सर्वानुमते मंजूर" असे एक वाक्य असते. क्वचित कोणी "मते घ्या" म्हटले, तर लगेच दुसरी म्हणते, "आपल्यात कशाला मतदान? उगीच फूट पडायची!" तेव्हा या दोन रीती आल्या कोठून, हे स्मरणिकेच्या निमित्ताने भगिनींपुढे मांडावे असे वाटले.

मतदान इंग्रजांनी आणले, आपली जुनी रीत म्हणजे एकमत, असा पुष्कळांचा समज आहे. तो बरोबर नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत जे भाषण केले, त्यात त्यांनी सांगितले, की सभेचे नियम भारताला नवे नाहीत. ठराव, गणसंख्या, मतमोजणी, गुप्त मतदान हे सारे बौद्ध भिक्षुसंघाला माहीत होते. आणि त्या काळच्या राज्यसभांमधूनच बुद्धांनी ते घेतले असावेत. आपल्याकडे कार्ले, भाजे, जुन्नर येथील लेणी आपण सहलीला जाऊन पाहतो. तेथे असेच भिक्षू एकत्र राहत होते.

संघाची पहिली रीत एकमताचीच होती. महत्त्वाचे काम असले म्हणजे एका भिक्षूने ते सर्वांपुढे मांडायचे आणि मग तीन वेळा विचारायचे. मान्य असेल त्याने गप्प बसावे, नसेल त्याने बोलावे. तिसऱ्यांदाही कोणी बोलले नाही म्हणजे ठराव झाला. जो आजारी असेल त्याने दुसऱ्याच्या हाती आपली संमती कळवायची. अंथरुणावरच्या माणसालाही वगळलेले नसे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

पण वाद मिटेनाच, तर दुसरी रीत होती. लाकडाच्या लहान काड्या वाटत. त्यांना शलाका म्हणत. दोन पक्षांच्या काड्या निराळ्या रंगाच्या असत, आणि ज्या काड्या जास्त तो पक्ष खरा. काड्या वाटणारा माणूस पारखून निवडत. त्याच्या ठायी पक्षपात नको, द्वेष नको, अज्ञान नको, भय नको. आणि कोणी काडी घेतली व कोणी नाही, याची त्याला नीट जाण हवी. काड्या वाटण्याचे तीन प्रकार होते : उघड, कानात सांगून आणि गुप्तपणे. गुप्त प्रकारात "ही कोणाला दाखवू नकोस" असे बजावून काडी देत. मात्र निकाल धर्माविरुद्ध जातो असे दिसले, तर वाटणारा तो रद्द करू शके. ही एक गोष्ट काही आपण उचलण्यासारखी नाही.

आता अलीकडची दोन उदाहरणे आपल्या महाराष्ट्रातलीच देते.

गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गोंड लोकांचे लहानसे गाव आहे. तेथील ग्रामसभेने सर्वसहमतीची रीत धरली. एकाचा जरी विरोध असला तरी निर्णय पुढे ढकलायचा, पुन्हा बसायचे, पुन्हा बोलायचे. याला वेळ लागतो. पण एकदा ठरले म्हणजे सारा गाव ते पाळतो. याच एकीच्या बळावर त्या गावाने २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला.

दुसरे उदाहरण दारूच्या दुकानांचे. २००८ सालच्या सरकारी आदेशाने स्त्रियांना गुप्त मतदान करून गावातील दुकान बंद करण्याचा अधिकार मिळाला. चिठ्ठीवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी चित्रे. एकूण स्त्री-मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडली पाहिजेत. येथे एकमताची वाट पाहत बसले असते तर बाटली कधीच आडवी झाली नसती. नवऱ्यासमोर, दुकानदारासमोर हात वर करणे किती जणींना जमले असते? पण पडद्याआड शिक्का मारता येतो.

म्हणजे दोन्ही रीती चांगल्या. कोणती केव्हा वापरायची हे कळले पाहिजे. ज्या कामाला सर्वांचे हात लागणार, तेथे एकमत होईपर्यंत बोलावे. जेथे कोणाचा धाक आहे, तेथे चिठ्ठी हवी.

आपल्याकडे वर्गणी वाढवण्याचा ठराव सर्वानुमते झाला, आणि पुढे दोघी-तिघी येईनाशा झाल्या. विचारल्यावर कळले, की सभेत कोणाची सासू बसलेली, कोणाची जाऊ. "परवडत नाही" हे त्यांच्यासमोर कसे बोलणार? वहीत मात्र सर्वानुमते! ते मौन संमतीचे नव्हते, संकोचाचे होते.

म्हणून माझी सूचना अशी. ठराव तीनदा विचारावा. बाळंतीण किंवा आजारी भगिनीचे मत घरी जाऊन आणावे. पैशाची बाब आणि पदाधिकाऱ्यांची निवड मात्र चिठ्ठ्या टाकूनच व्हावी, आणि मोजणी दोन निःपक्षपाती भगिनींकडे द्यावी. यात फूट नाही. मागे बसणारीलाही आपले मत मोजले गेले असे वाटले, तर ती पुढच्या सभेला नक्की येईल.

माझी ही सूचना पुढच्या सभेत ठेवावी, आणि तिच्यावरही चिठ्ठ्याच टाकाव्यात, ही विनंती.