अ‍ॅप काढलं, लॉगिन तसंच!

परवा गेवराईत एका ऑनलाइन सेंटरवर कागद काढायला गेलो होतो. पोरानं मेलचं चिन्ह दाबलं, तर कुण्या भलत्याच माणसाचा मेल उघडला. पोरगं म्हणालं, "काका, हे अ‍ॅप कालच काढलं होतं, आज परत टाकलंय."

ह्याचं मूळ जुनं आहे. 2007 ला आयफोन आला तेव्हा स्टीव्ह जॉब्स सांगत होते, अ‍ॅप कशाला, वेबसाइटच अ‍ॅपसारखी बनवा. पुढच्याच वर्षी त्यांनी अ‍ॅप स्टोअर उघडलं, अन् ते बोलणं मागं पडलं. 2015 ला अ‍ॅलेक्स रसेल आणि फ्रान्सेस बेरीमन यांनी त्याच कल्पनेला 'प्रोग्रेसिव्ह वेब अ‍ॅप' हे नाव दिलं. त्याच साली आपल्याकडं फ्लिपकार्ट लाइट आलं. 2018 ला विंडोजवरच्या क्रोममध्येही ही सोय झाली.

पण हे अ‍ॅप म्हणजे ब्राउझरचीच वेगळी खिडकी. लॉगिन राहतं ब्राउझरच्या गाठोड्यात. डेस्कटॉपवरचं चिन्ह डिलीट केलं म्हणून अ‍ॅप जात नाही, आणि अ‍ॅप काढलं म्हणून लॉगिन जाईलच असं नाही. आधी लॉगआउट करायचं. मग अ‍ॅपच्या खिडकीत वरची तीन टिंबं, त्यात अनइन्स्टॉल. तिथं क्रोम डेटाही पुसायचा का विचारतं. त्या चौकोनात खूण करायची. घाईत नेमकी तीच राहते.

त्या माणसाचा मेल पोराकडून बंद करून घेतला, मगच माझा आधार नंबर सांगितला.