फोन कुठे जाणार, हे ठरवतं कोण?

लहानपणी आमच्या आळीत एकाच घरी फोन. मुंबईला बोलायचं तर ट्रंक कॉल बुक करून ताटकळत बसायचं. ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग असे दर असायचे. जास्त पैसे मोजले की नंबर आधी लागायचा. नियम महागडा होता, पण सगळ्यांना ठाऊक होता.

अमेरिकेत कॅन्सस सिटीला अल्मन स्ट्राउजर नावाचा माणूस अंत्यविधीचा व्यवसाय करायचा. ऑपरेटर आपली गिऱ्हाइकं दुसऱ्याकडे वळवते, असा त्याला संशय होता म्हणे. त्याने ऑपरेटरशिवाय चालणारं एक्स्चेंजच बनवलं आणि १८९१ मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. आपल्याकडे १९६० मध्ये कानपूर-लखनऊ एसटीडी सुरू झाली. हळूहळू वाट दाखवायचं काम ऑपरेटरकडून आकड्यांकडे गेलं. ०२५ पर्यंत सारखंच. पुढे ३ आला की नाशिक, ५१ आला की सिन्नर.

आता जमाना इंटरनेट फोनचा. ऑफिसांत या यंत्रणा बसवणं हेच माझं काम. आवाज डेटा होऊन जातो खरा, पण आधी सर्व्हर नियमांची यादी बघतो. सुरुवातीचे आकडे जुळवतो. दोन नियम जुळले तर ज्याचे जास्त आकडे जुळतात तो घेतो. मग त्या नियमातल्या वाटा क्रमाने: पहिली बंद किंवा व्यस्त असेल तर दुसरी, मग तिसरी. दिवसा एकीकडे, रात्री दुसरीकडे, असंही लिहिता येतं.

गेल्या पावसाळ्यात गल्लीत पाणी शिरलं म्हणून एका कार्यालयाचा तक्रार नंबर लावला. चार वेळा लावला, वाजून वाजून बंद. नंतर चौकशी केली तर कळलं, फोन बदली होऊन गेलेल्या साहेबांच्या टेबलावर वाजत होता. दुसरी वाट यादीत लिहिलेलीच नव्हती! यंत्र अगदी ठणठणीत होतं.

२०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे. नवनवे हेल्पलाइन नंबर फ्लेक्सवर झळकतील. माझी मागणी एवढीच: नंबरासोबत नियमही जाहीर करा. उचलला नाही तर किती सेकंदांनी कुठे जातो? रात्री दोन वाजता कोण उचलतं? गर्दीत हरवलेल्या पोराच्या आईला दुसरी वाट मिळायलाच हवी.

तुमच्या भागातला तक्रार नंबर आज रात्री एकदा लावून बघा. कुणी उचलला का, ते खाली लिहा.